आज पोटात काय गेले?

पूर्वी वेत्रा नदीच्या काठी कुंभवती नावाचे नगर होते आणि तेथे पूर्णसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने एका वैद्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. वडिलांची विद्या त्याने आत्मसात केली, हाताला गुण होता, आणि वयात आल्यावर तो राजवैद्य झाला. तरी आपल्या घराची ओसरी त्याने कधी बंद केली नाही. सकाळी तेथे कोणीही यावे आणि औषध घेऊन जावे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या हिवाळ्यात राजा सीमेवरची लढाई जिंकून परतला होता. जिंकताना त्याच्या सैन्याने एक झोपलेले गाव जाळले होते. परतल्यावर कुंभवतीत तोरणे लागली, हत्ती सजले, आणि मग हळूहळू एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. सोमिलाच्या ओसरीवर बायका येत आणि म्हणत, "सासूबाईंना झोप लागत नाही हो." दुसरी म्हणे, "माझ्या आईला." तिसरी म्हणे, "शेजारच्या म्हातारीला." नगरातल्या साऱ्या म्हाताऱ्यांची झोप एकाच ऋतूत उडावी, हे कोणालाही खटकले असते. सोमिलालाही खटकले. पण जास्त विचारले तर बाई लाजेल आणि पुन्हा येणार नाही, असे त्याला वाटे. तो दयाळू होता, आणि दयाळू माणसाची चूक बहुधा अशीच असते.

तो डोंगरातून येणाऱ्या एका मुळीचे चूर्ण देई. लोक तिला झोपमुळी म्हणत. चूर्णाला ओल्या चामड्यासारखा उग्र वास येई. "कोमट दुधातून द्या," तो सांगे, "आणि त्या दिवशी मद्याचा थेंबही नको." बायका माना डोलावीत आणि वेशीपर्यंत पोचता पोचता विसरत. मुळी ती मुळी. झाडपाल्याने कोणाचे काय वाईट होते, अशी त्या नगराची समजूत होती.

या बायकांत राणी नंदयंतीची दासी उत्पला हीही होती. तीही आईसाठीच चूर्ण नेई. पंधरा दिवसांची पुडी तिला आधी दहा दिवस पुरली, मग सहा दिवस, मग चार.

कुंभवतीत वसंतात सुरोत्सव होत असे. भर दुपारी चौकातल्या दगडी चौथऱ्यावर राजा बसे, आणि सारे नगर भरलेले पेले हातात घेऊन खाली उभे राही. राजाने लोकांसमोर सात पेले प्यायचे. सातवा पेला रिकामा होईपर्यंत कोणी आपला पेला ओठांना लावायचा नाही, खाली ठेवायचा नाही आणि चौकातून जायचे नाही. पहिल्या पेल्याआधी राजवैद्याने पुढे होऊन राजाला विचारायचे, "महाराज, आज पोटात काय गेले?" राजाने म्हणायचे, "दूधभात." मग लोक "दूधभात! दूधभात!" असे ओरडत आणि हसत. कोण्या जुन्या शहाण्या वैद्याने हा प्रश्न घालून दिला असणार. पण शंभर वर्षांत त्याचे नुसते कवन झाले होते, आणि त्याचे खरे उत्तर कोणी दिले नव्हते.

त्या वर्षी सुरोत्सवाच्या दिवशी सकाळीच उत्पला ओसरीवर आली. पुडीसाठी तिने रेशमी फडके आणले होते. त्यावर तांबडे डाग होते. सोमिलाने ते नाकाशी धरले. चामड्याचा वास होताच, पण त्याच्यावर लवंग आणि मोहाच्या फुलांचा वास होता. तसे मद्य कुंभवतीत फक्त राजवाड्यात गाळले जाई.

"आई चूर्ण मद्यातून घेते?" त्याने विचारले.

"दुधातून दिलं की ओकारी येते, वैद्यराज. मद्यात वास कळत नाही. आणि झोपही लगेच लागते."

"आणि सकाळी?"

उत्पलेने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "हाका माराव्या लागतात. काल फार वेळ मारल्या. ओठ जांभळे झाले होते."

सोमिलाच्या हातातली पळी खाली पडली. "उत्पले, ही पुडी राजवाड्यात जाते का?"

ती तिथेच खाली बसली. मग हळूहळू सगळे बाहेर आले. लढाईवरून आल्यापासून राजाचा डोळा लागत नव्हता. मिटला की जळते गाव दिसे. आणि कुंभवतीत असे मानत की ज्या राजाला झोप लागत नाही, त्याच्या मागे मेलेले लागलेले असतात. त्याने सिंहासन सोडावे. म्हणून राणीने उत्पलेला शपथ घातली होती. शब्द फुटला तर तिची मान जाणार होती.

"आज सकाळीही दिलंय," ती म्हणाली. "लोकांपुढे हात कापू नयेत म्हणून. दोन मात्रा."

झोपमुळी श्वास हळू करते, मद्यही श्वास हळू करते. एकेकटी असली की माणूस झोपतो. दोन्ही भरपूर एकत्र आली की श्वास आपले काम विसरतो, आणि झोपलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अंगात दोन मात्रा घेऊन राजा आज सात पेले पिणार होता.

"जा आणि राणीसाहेबांना सांग," तो म्हणाला, "की वैद्य पाया पडतो, आज महाराजांना पिऊ देऊ नका."

उत्पला धावत गेली आणि धावत परत आली. राणीचे उत्तर होते, "मुळीला इतकं काय भ्यायचं? महाराजांनी पेला नाकारला तर संध्याकाळपर्यंत लोक सिंहासन हिरावून घेतील. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे."

सोमिल ओसरीवर एकटा उरला. सारे नगर चौकाकडे चालले होते. उत्तरेची वेस उघडी होती आणि तिच्यावर पहारा नव्हता. राजा मेला तर चूर्ण देणाऱ्याला सुळावर चढवतील, हे त्याला स्पष्ट दिसत होते. तोंड उघडले तर राजाचे रहस्य फोडले म्हणून चढवतील, हेही दिसत होते. बोधिसत्त्व असला तरी त्याला देह होता, आणि त्या देहाला मरणाचे भय होते. तो वेशीच्या दिशेने दहा पावले चाललासुद्धा. मग त्याच्या मनात आले, 'मी विचारले असते तर ही वेळ आली नसती. मी विचारले नाही.' तो वळला आणि चौकाकडे निघाला.

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. राजा पूर्णसेन चौथऱ्यावर बसला होता. चेहरा शांत दिसत होता, फार शांत. पापण्या जड होत्या. शेजारी राणी, मागे उत्पला. ढोल थांबले. सोमिल पुढे झाला.

"महाराज, आज पोटात काय गेले?"

"दूधभात," राजा म्हणाला.

"दूधभात! दूधभात!" चौक गरजला.

सोमिल बाजूला झाला नाही. त्याने गलबला ओसरू दिला आणि पुन्हा विचारले, "महाराज, आज पोटात काय गेले?"

असे कधी घडले नव्हते. राणीने सोमिलाला डोळ्यांनी दटावले. राजाच्या कपाळावर घाम आला होता. तो काही क्षण थांबला. त्या क्षणात तो खरे सांगेल असे सोमिलाला वाटले.

"दूधभात," राजा म्हणाला, आणि त्याने पहिला पेला उचलला.

पहिला गेला. दुसरा गेला. तिसरा ओठांशी नेताना हात वाटेत रेंगाळला, पण तोही गेला. चौथा पेला पुढे आला तेव्हा सोमिलाने तो हिसकावून दगडावर ओतला. पहारेकऱ्यांनी त्याला धरले, कोणी मानेत गुद्दा मारला. आणि राजा बसल्या जागी हळूच एका अंगावर कलंडला.

लोक हसले. "राजाला चढली!" कोणी ओरडले. "तीन पेल्यांतच?" राजा मोठ्याने घोरू लागला आणि हसे आणखी वाढले. मग घोरणे थांबले. पुढच्या ओळीतल्या बायकांनी हसणे आवरले. घोरणे पुन्हा सुरू झाले नाही.

"राजाचा श्वास बघा!" सोमिल किंचाळला. "मला सोडा आणि त्याचा श्वास बघा!"

सेनापतीने वाकून राजाच्या नाकापुढे हात धरला. त्याचा चेहरा उतरला. "यांना कसलं औषध चालू होतं?"

"कसलंही नाही," राणी म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता.

चौकात कोणी हलत नव्हते. तेव्हा राणीच्या मागून उत्पला पुढे आली. तिचे दात एकमेकांवर आपटत होते. "झोपमुळी," ती म्हणाली. "सकाळी दोन मात्रा. मीच दिली. रोज मद्यातून देते."

"आणि ती माझ्या हातची," सोमिल म्हणाला. "ती कोणाच्या पोटात जाते हे मी विचारलं नाही. शिक्षा मागाहून द्या. आधी मला त्यांच्याजवळ जाऊ द्या."

सेनापतीने त्याला सोडले. सोमिलाने राजाला कुशीवर वळवले, तोंडात बोटे घालून ते मोकळे केले, मग पाठीवर निजवून मान मागे केली. राजाचे ओठ जांभळे पडत चालले होते. त्याने राजाच्या तोंडाला तोंड लावून आपला श्वास आत फुंकला. पुन्हा फुंकला. तिसऱ्या वेळी राजाच्या छातीने स्वतः एक झटका दिला.

"उतारा द्या, वैद्यराज," राणी आता रडत होती. "काय हवं ते आणवते."

"याला उतारा नाही, राणीसाहेब. वेळ जाऊ द्यायचा आणि श्वास थांबू द्यायचा नाही. त्यांना हाका मारा. कालच्यासारख्या मारा."

आणि मग कुंभवतीने तो दिवस पाहिला. भर उन्हात राणी आपल्या नवऱ्याच्या कानाशी ओरडत होती. उत्पला त्याचे तळवे चोळीत होती. सोमिल दर श्वास मोठ्याने मोजत होता, आणि आकडा लांबला की खालच्या हजार माणसांचा जीव घशाशी येत होता. सातवा पेला झाला नव्हता, म्हणून कोणी पीत नव्हते, कोणी पेला ठेवत नव्हते, कोणी जात नव्हते. हात अवघडले तरी माणसे तशीच उभी राहिली. दोनदा आकडा थांबला. दोनदा सोमिलाने आपला श्वास राजाला दिला.

ऊन कलले तेव्हा राजाने डोळे उघडले. त्याने लोकांकडे पाहिले. मग सेनापतीच्या खांद्याला धरून उठून बसला.

"वैद्या," तो म्हणाला, "मला पुन्हा विचार."

सोमिलाचा आवाज बसला होता. "महाराज, आज पोटात काय गेले?"

"झोपमुळी आणि मद्य," पूर्णसेन म्हणाला. "ते गाव जाळल्यापासून मला झोप लागत नाही. आता सिंहासन घ्यायचं तर घ्या."

मग पहिल्या ओळीतल्या एका धिप्पाड सैनिकाने, जो राजाबरोबर लढाईला गेला होता, आपला भरलेला पेला खाली जमिनीवर ठेवला. कमरेच्या शेल्यातून एक पुडी काढली आणि पेल्याशेजारी ठेवली. त्याच्या मागच्याने तसेच केले. मग दुसऱ्या कोपऱ्यात एकाने, मग एका म्हाताऱ्या सारथ्याने. पेले ठेवल्याचा टकटक आवाज चौकभर होत राहिला, आणि तो लवकर थांबेना. सोमिल आपल्याच हाताने बांधलेल्या पुड्या पाहत होता. चाळीस मोजल्यावर त्याने मोजणे सोडले. राजाने सातवा पेला हसत हसत संपवला असता, तर आज या चौकातून किती माणसे घरी गेली असती, या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला.

एक माणूस मात्र हलला नाही. खंडक नावाचा धनुर्धर खांबाला टेकून बसला होता. मांडीवर मद्याचा रिकामा भोपळा होता. सगळ्यांदेखत हात थरथरू नये म्हणून तो घरूनच थोडी पिऊन आला होता. सोमिल त्याच्यापर्यंत गेला आणि त्याने त्याच्या गळ्याला हात लावला. गळा थंड होता. खंडकाची बायको शेजारीच उभी होती.

"याच्या पोटात काय गेलं, बाई?" सोमिलाने हळू विचारले.

"मी सासूबाईंसाठी म्हणून नेली होती," ती म्हणाली. तिला सासू नव्हती.

राजाने सिंहासन सोडले नाही, कारण कोणी ते मागितले नाही. ज्यांनी मागायचे त्यांचीही झोप उडालेली होती. उत्पलेच्या मानेला कोणी हात लावला नाही. पावसाळा सरताच राजाने ते जळलेले गाव बांधून द्यायला सुरुवात केली, आणि बांधकामावर स्वतः राहिला. सोमिल औषध देतच राहिला. पण त्यानंतर घेणाऱ्याचे तोंड पाहिल्याशिवाय आणि तो प्रश्न विचारल्याशिवाय त्याने एकही पुडी बांधली नाही. बायका लाजत. तो म्हणे, "लाजा, बाई, पण सांगा."

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, जेतवनातल्या विहारात एका आजारी भिक्षूपुढे सांगितली. तो भिक्षू तीन घरांतून तीन काढे घेत असे, एका घरचा आसवही घेत असे, आणि कोणाला कोणाचे कळू देत नसे. कथा संपल्यावर शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा पूर्णसेन म्हणजे हाच भिक्षू. राणी नंदयंती म्हणजे याला 'कोणाला सांगू नकोस' म्हणणारी याची बहीण. उत्पला म्हणजे ती उपासिका, जी काल भीत भीत माझ्याकडे आली आणि याच्याविषयी बोलली. आणि विचारायला उशीर करणारा तो वैद्य मीच होतो."

भिक्षूने चीवराच्या घडीतून तीन पुड्या आणि एक लहान कुपी काढली आणि शास्त्याच्या पायांशी ठेवली. "भन्ते," तो म्हणाला, "आज पोटात यातलं सगळंच गेलं."

भय वाटत असतानाही जे बोलले जाते, ते सत्य. त्या जन्मी बोधिसत्त्वाने ज्या गुणाची पूर्तता केली, ती ही सत्यपारमिता.