सशाचे घर कोणते?

एका रानात, तळ्याकाठच्या करवंदीच्या जाळीत, एक ससा आपल्या सशिणीसह आणि दोन पिल्लांसह राहत असे. राहत असे म्हणायचे एवढेच, कारण मुलांनो, आपल्याकडच्या रानसशाला बीळ नसते. आज करवंदीच्या जाळीत, उद्या तरवडाच्या झुडपाखाली, असाच त्याचा संसार.

तळे एकच होते. पाण्यावर येणाऱ्यांना जपायला रानातले प्राणी दरवर्षी एक राखणदार निवडत. थंडी सरली की पाणी मागे हटे आणि काठावर मऊ गाळ उघडा पडे. ज्याला मत द्यायचे असेल त्याने त्या गाळात आपले पाऊल उमटवून ठेवायचे. गाळ वाळला की पावले पक्की होत. निवडीच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या पावलापाशी उभे राहायचे आणि जो हवा त्याच्याकडे तोंड करायचे. पाऊल नसेल त्याला मत नसे. म्हातारे कासव या पावलांवर लक्ष ठेवी.

त्या वर्षी दोघे उभे राहिले, एक गवा आणि एक तरस. तरसाचे नाव ऐकताच सशाने पिल्लांना जवळ ओढले. त्याची पिल्ले रोज संध्याकाळी तळ्यावर पाणी प्यायला जात. तिथे तरसच पहाऱ्यावर बसला, तर कुंपणच शेत खाणार! "मी गव्यालाच मत देणार," असे सशिणीला सांगून तो गाळाकडे धावत सुटला.

वाटेत कोल्हा भेटला. हा कोल्हा तरसाच्या उष्ट्यावर जगणारा. "कुठं निघाली स्वारी?" त्याने गोड आवाजात विचारले.

"पाऊल उमटवायला."

"पण तुला घर कुठंय रे? आज इथं, उद्या तिथं! बीळ नाही त्याला मत नाही. जायचं तर जा बापडा. कासवानं चारचौघांत हाकलून दिलं, तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

सशाचे कान खाली पडले. तरसाची भीती मोठी होती, पण तरस अजून लांब होता आणि फजिती अगदी समोर दिसत होती. तो माघारी फिरला. उघड्या माळावर अंडी घालणारी टिटवी त्याला ओरडून म्हणाली, "अरे वेड्या, कासवाला एकदा विचार तरी!"

"उद्या विचारीन," ससा म्हणाला. उद्या, उद्या करता करता ऊन तापले आणि गाळाला भेगा पडल्या.

निवडीच्या दिवशी सशिणीने त्याला अक्षरशः ढकलले. "पिल्लांकडे बघा आणि जा!" ससा धापा टाकत काठावर आला आणि त्याने पाय दाबला. जमीन दगडासारखी झाली होती. त्याने पुन्हा पाय दाबला, मग दोन्ही पाय आपटले. साधा ओरखडाही उठला नाही.

"मला बीळ नाही, म्हणून मी आलो नव्हतो," तो रडवेला होऊन कासवाला म्हणाला.

"बीळ कोणी मागितलं होतं?" कासव हळहळले. "रात्री जिथं अंग टेकतोस तेच तुझं घर. मग ती जाळी असो, नाहीतर उघडा माळ. ते बघ टिटवीचं पाऊल. पण आता गाळ वाळला रे, आता माझ्याही हातात काही नाही."

सशाने मान वर केली आणि काठावर नजर फिरवली. हरणे, वानरे, रानडुकरे, बीळ नसलेले जवळजवळ सगळेच काठापासून दूर, मान खाली घालून उभे होते. कोल्हा सगळ्यांनाच वाटेत भेटला होता. पावलांपाशी उभे होते ते बहुतेक कोल्हे आणि लांडगे. टिटवीने एकटीने गव्याकडे तोंड केले. तरस निवडून आला.

त्या संध्याकाळी ससा, सशीण आणि पिल्ले करवंदीच्या जाळीत श्वास रोखून बसली. पिल्लांच्या घशाला कोरड पडली होती, पण तळ्याकडे जायची कोणाची छाती होईना. इतक्यात जाळीबाहेर पाला वाजला.

"त्या सशाचं घर कोणतं म्हणालास?" तरसाचा आवाज आला.

"हे काय, हीच जाळी," कोल्हा म्हणाला. "इथं नसला तर पलीकडे तरवडाखाली. त्याचं घर मला पाठ आहे, सरकार."

तात्पर्य : आपल्याला हक्क आहे की नाही, हे तो बुडाल्याने ज्याचे फावते त्याला विचारू नये. जिथे अंग टेकतो तेच आपले घर मानून, वेळ आहे तोवर आपली नोंद करून घ्यावी.