शेवटचा घास आईचा

आभाळात सूर्यही नव्हता, तेव्हाची गोष्ट. काळोखात वायूची एक लांबलचक दोरी झोक्यासारखी हळूहळू झुलत असे. तिच्या कुशीत टिमकी नावाची चांदणी जन्मली.

झोका वळला की टिमकी त्या दोरीला, म्हणजे आपल्या आईला, बिलगायची. "आई, मला खूप भरव," ती म्हणायची. "मी जड झाले की तुझ्या कुशीत घट्ट बसेन, मग पडणार नाही."

आईला ठाऊक होतं, हलकी लेकरंच आपल्याबरोबर वळतात. जड झालेलं लेकरू वळणावर सुटतं. पण भुकेल्या पोरीला नाही कसं म्हणायचं? आपल्याच अंगातला वायू तोडून ती भरवत राहिली. "हा घास उल्केचा, हा धूमकेतूचा."

"आणि तुझा?"

"माझा शेवटी."

एकदा तो घासही टिमकीनं खाल्ला आणि तिच्या पोटात उजेड पेटला. पुढच्या वळणावर आई मागे फिरली. टिमकीला फिरता आलं नाही. ती सरळ पुढे निघून गेली.

आता ती एकटीच लख्ख तेवते. त्या उजेडात तिला लांबवर आई दिसते. रोडावलेली आई झुलत या टोकाशी येते, घास पुढे धरून जराशी थबकते आणि तो तसाच घेऊन परत फिरते.