हत्तीचं पिल्लू आणि भाकड म्हैस

जंगलात वाघ राहतो, कोल्हा राहतो, पण म्हैस राहत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तरीही एका जंगलात एक म्हातारी म्हैस राहत असे, आणि ती तिथे काही आपल्या हौसेने आलेली नव्हती. जंगलाच्या कडेला गवळ्यांची वस्ती होती. तिथे तिने उभा जन्म बादल्या भरभरून दूध दिले. पुढे दूध आटले, तेव्हा गवळी म्हणाला, "भाकड झाली," आणि तिला ओढ्यापलीकडे हाकलून तो माघारी गेला. बिचारी संध्याकाळपर्यंत वाटेकडे तोंड करून उभी राहिली. मग तिथेच चरू लागली.

तिला गोठ्याची आठवण येत नसे, पेंडीचीही येत नसे. आठवण यायची ती रेडकांची. गवळ्याची रीत अशी होती, की धारेच्या वेळी रेडकू सोडायचे, दोन घोट पिऊ द्यायचे आणि म्हशीला पान्हा फुटला की ओढून पुन्हा खुंट्याला बांधायचे. उरलेले सगळे दूध बादलीत. रेडकू अर्धपोटी राहिले म्हणजे पुढच्या वेळी जोराने लुचते, असे गवळी सांगे. म्हशीने अशी कितीतरी रेडके पाहिली, पण एकालाही पोटभर पाजले नाही. रेडके खुंट्याशी उभी राहून हंबरत आणि ही दावणीला उभी राहून ऐकत असे. हे दुःख ती कुणाला सांगत नव्हती. सांगणार तरी कुणाला? तिच्या पाठीवर येऊन बसत ते फक्त बगळे, आणि त्यांचे सगळे लक्ष गोचिडांकडे.

एकदा नदीला मोठा लोंढा आला. हत्तींचा कळप नदी ओलांडत होता, त्यातले एक पिल्लू वाहून गेले आणि पार खाली, या जंगलातल्या लव्हाळ्यात येऊन अडकले. कळपाने वरच्या अंगाला पुष्कळ शोध केला आणि तो निघून गेला. सकाळी जंगलातली सारी मंडळी पिल्लाभोवती गोळा झाली. पिल्लू म्हणजे नावाला पिल्लू. उभे राहिले तर हरणाच्या डोक्यावरून पलीकडे बघेल एवढे. पण ते उभेच राहत नव्हते. तोंड उघडून नुसते कण्हत होते, आणि त्याला काय हवे आहे हे ओळखायला कुणी शहाणे लागत नव्हते.

त्या जंगलात एक वानरीण होती. तिच्या स्वतःच्या छातीला एक पोर चिकटलेले असे, त्यामुळे दुसऱ्याचे पोर रडले की तिला राहवत नसे. गवळ्याच्या वस्तीवर पोरक्या करडाला बाटलीने दूध पाजतात हे तिने झाडावरून पाहिले होते. ती गेली आणि बाटली उचलून घेऊन आली. चोरी म्हणावी तर ती चोरीच होती, पण आज आपण तिकडे काणाडोळा करू. मग ती लेकुरवाळ्यांच्या दारोदार फिरली. एका गव्याच्या मादीने दूध दिले, दोन सांबरींनी दिले, एका चितळीने तर आपले पाडस बाजूला सारून दिले. बाटली भरली.

आता पाजायचे कसे? कोल्हा म्हणाला, की यात विचारायचे काय, हत्ती सोंडेने पितो हे कुणीही सांगेल. सगळ्यांना ते पटले. वानरिणीने बाटलीचे चोखायचे रबरी बूच पिल्लाच्या सोंडेत घातले. पिल्लाने एक जोराची शिंक दिली, आणि दूध सगळ्यांच्या अंगावर उडाले. कोल्ह्याच्या तोंडावर जरा जास्तच. मग वानरिणीने बूच तोंडात दिले, तर पिल्लू मान फिरवू लागले. त्याची सोंड इकडे चाचपडे, तिकडे चाचपडे, दगडाला लागे, झुडपाला लागे आणि मागे येई. दूध नासले असेल, असे कुणी म्हणाले. सांबराचे दूध चालत नसेल, असेही कुणी म्हणाले. दिवस कलला तशी एकेक मंडळी हळूच पांगली, कारण मरणारे पोर बघत उभे राहणे कुणालाच जमत नाही.

म्हैस तेवढी राहिली. देण्यासारखे तिच्याजवळ काही नव्हते आणि त्याची तिला भारी लाज वाटत होती. आयुष्यभर दूध दिले आणि आता, खरी वेळ आली तेव्हा, कास पिशवीसारखी रिकामी लोंबत होती. निदान वारा तरी लागू नये म्हणून ती पिल्लाच्या कडेला आडवी उभी राहिली. चाचपडणारी सोंड तिच्या कुशीला लागली. ऊबदार, खरखरीत, श्वासाबरोबर हलणारी कूस. सोंड तिथेच टेकली. पिल्लाने डोळे मिटले आणि आपण होऊन तोंड उघडले. वानरिणीने खालून बूच आत सरकवले. बाटली एका दमात रिकामी झाली.

पिल्लाने डोळे उघडले आणि ते म्हणाले, "आणखी."

तो त्याचा पहिला शब्द, आणि पुढे बरेच दिवस तोच एक शब्द. बाटली त्याच्या दाताला पुरेना, म्हणून वानरिणीने वाळका कडू भोपळा पोखरून मोठा तुंबा केला आणि त्याच्या तोंडाला तेच रबरी बूच ओढून बसवले. तुंबा संपे, की "आणखी." दुसरा भरून आणला, की "आणखी." वानरिणीचे हात दुखून येत. "आक्का, हे पोर आहे की रांजण?" असे ती म्हशीला विचारी, आणि बडबडत पुन्हा गव्याच्या मादीकडे पळे.

 म्हशीला हलून चालत नसे. माशी बसली तरी ती कातडी थरथरवत नसे, कारण सोंड सरकली की पिल्लू पिणे थांबवी. ते जड, ओलसर ओझे कुशीला टेकले, की तिच्या अंगातून काहीतरी वर चढत आल्यासारखे वाटे, अगदी पान्हा फुटताना वाटायचे तसे. ती खाली बघे. कास कोरडीच असे. पण पिल्लाचे डोळे मिटलेले होते, आणि दूध कुठून येते हे त्याला दिसत नव्हते. त्याला वाटे, हीच पाजते. म्हशीने त्याला कधी खरे सांगितले नाही. तेवढे सुख तिने ठेवून घेतले, आणि मला विचाराल तर त्यात तिची काही चूक नव्हती.

चूक पुढे झाली. ऊन तापू लागले. पाडसे गवत खाऊ लागली, तशा त्यांच्या आया आटू लागल्या. पिल्लू मात्र वाढतच होते. आता तुंबा अर्धा भरे, कधी तळाशी चार घोट असत. पिल्लू ते पिऊन म्हशीच्या कुशीत सोंड घाले आणि म्हणे, "आणखी." ती म्हणे, "उद्या हं, बाळा." त्याच्या बरगड्या दिसू लागल्या.

अशात एके दुपारी म्हशीला पायांखालची जमीन गुरगुरल्यासारखी वाटली. तो आवाज नव्हता. खुरांतून वर येणारी नुसती थरथर होती. डोंगरापलीकडे हत्तींचा कळप उतरला होता आणि कुणीतरी कुणालातरी हाक मारत होते. पिल्लाने कान उभारले. म्हैस चटकन वळली आणि त्याला दुसऱ्या बाजूच्या बांबूच्या बेटात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशीही तिने तेच केले. तिसऱ्या दिवशी ती पाण्यालाही डोंगराकडे फिरकली नाही. वारा आहे, ती स्वतःला सांगे, वाऱ्याने असे होते. पण पिल्लाला ती बेटाबाहेर जाऊ देत नसे.

कोल्ह्याच्या नजरेतून काय सुटणार? तो बेटाशी आला आणि बसला. शिंकेची आठवण त्याच्या मनातून गेली नव्हती, पण त्या दिवशी तो कौतुकानेच बोलला.

"आक्का, तू हुशार आहेस. कळप आलाय ते मलाही कळलंय. पण पोर अर्धपोटी असलं की तुला सोडून कुठं जायचं नाही. ठेव असंच."

 ते ऐकताच म्हैस मनाने वस्तीवरच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली. खुंट्याशी रेडकू हंबरत होते आणि गवळी सांगत होता, अर्धपोटी ठेवले म्हणजे बरे असते. जन्मभर जे सोसले, तेच ती आता करत होती. खुंटा नव्हता एवढेच. तिला स्वतःची एवढी शरम कधी वाटली नव्हती, भाकड म्हणून हाकलले तेव्हाही नाही.

ती पिल्लाला म्हणाली, "चल."

डोंगर चढायला दोघांनाही वेळ लागला. एक म्हातारी, एक भुकेने गळालेले. माथ्यावरून खाली कळप दिसला. पिल्लाला बघताच एक हत्तीण धावत आली. ती त्याची मावशी होती, त्याची आई त्याच लोंढ्यात गेली होती. मावशीच्या पायाशी तिचे तान्हे होते. तिने पिल्लाला नुसते हुंगले आणि बाजूला सरून जागा करून दिली. पिल्लाची सोंड चाचपडली, मावशीच्या अंगाला टेकली, आणि ते पिऊ लागले. ते किती वेळ प्याले! दूध ओठांवरून खाली गळू लागले तरी पीत होते. म्हैस बघत होती. पोटभर प्यालेले पोर कसे दिसते, हे ती आयुष्यात पहिल्यांदाच बघत होती. शेवटी पिल्लाने तोंड बाजूला केले, एक सुस्कारा सोडला आणि ते तिथेच आडवे होऊन झोपून गेले. "आणखी" म्हणाले नाही.

म्हैस वळली. कळपातली वृद्ध हत्तीण तिच्या वाटेत आली आणि म्हणाली, "थांब, बाई. तू याची कोण?"

"कुणी नाही," म्हैस म्हणाली, "मी नुसती उभी राहत होते."

एवढे बोलून ती डोंगर उतरून गेली. पुढे पुष्कळ दिवस ती संध्याकाळ झाली, की लव्हाळ्याजवळच्या त्याच जागी येऊन आडवी उभी राही. माशी बसली तरी हलत नसे. वानरीण झाडावरून विचारी, की आक्का, कुणाची वाट बघतेस? ती म्हणे, ऊन खातेय. ऊन तर केव्हाच मावळलेले असे. वानरीण मग खाली येई आणि तिच्याजवळ बसे. तुंबा तिनेही टाकून दिला नव्हता, फांदीला टांगून ठेवला होता.

पावसाळे गेले, उन्हाळे गेले. म्हशीच्या डोळ्यांवर पडदा आला, तिला धड दिसेना. एका संध्याकाळी कळप खालच्या नदीवर पाण्याला उतरला. तिला दिसला नाही, आणि खुरांनाही आता काही कळत नसे. ती आपली सवयीने उभी होती. एवढ्यात तिच्या कुशीला काहीतरी टेकले. जड, ओलसर, आणि पूर्वीपेक्षा इतके मोठे, की तिला पाय रोवून उभे राहावे लागले. ती हलली नाही. वानरिणीने घाईघाईने फांदीवरचा तुंबा काढला, आणि तो हातात धरून तशीच थांबली. 

हत्तीने तुंब्याकडे पाहिलेही नाही. त्याचे पोट भरलेले होते. तो डोळे मिटून तसाच उभा राहिला, चांगला अंधार पडेपर्यंत.

तात्पर्य : लेकरू आपल्याला सोडून जाऊ नये म्हणून त्याला भुकेले ठेवू नये; पोट भरून गेलेले लेकरूच केवळ मायेपोटी परत येते.