जांभळावरून दिसलेलं मुंगूस

रानातले तंटे रानातच मिटायचे, तेव्हाची गोष्ट. टिटवीची अंडी कुणीतरी खाल्ली. होला पक्षी पंचांपुढे म्हणाला, "तिन्हीसांजेला जांभळावरून पाहिलं. मुंगूसच होतं."

होला कधी खोटं बोलत नसे. पंचांतल्या शेकरूमावशींनी मुंगसाला रानाबाहेर काढायचं मनात पक्कं केलं.

न्यायाला बसलेलं म्हातारं कासव म्हणालं, "होला खरा की खोटा, ते राहू द्या. त्या फांदीवरून, त्या उजेडात काय दिसतं, तेवढं आधी बघून या."

मावशी कुरकुरतच तिन्हीसांजेला जांभळावर चढल्या. खाली गवतात लांब शेपूट हललं.

"मुंगूस परत आलं, धरा त्याला," मावशी ओरडल्या.

"अगं, मी आहे," खालून त्यांचे यजमान म्हणाले. "जेवायला येतेस ना?"

सकाळी "मुंगसाला सोडा" असं सगळ्यांत आधी मावशीच म्हणाल्या, यजमानांकडे न बघता.