यमाजीचे खिळे

आमच्या छापखान्यात यमाजी इंग्रजी पुस्तकांसाठी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. एकदा प्राचार्य गणपुले छापलेली पानं घेऊन तावातावाने मालकांकडे आले. "माझा शब्दच बदललाय यानं! काढा याला कामावरून!"

यमाजीने हळूच विचारलं, "साहेब, अक्षरं चुकलीत का?"

"अक्षरं बरोबर आहेत रे, शब्दच भलता आहे!"

"मग ती चूक माझी नव्हं. मी नुसतं अक्षर बघून खिळा लावतो. माझ्या हातून अक्षर उलटं पडंल. पण एका शब्दाजागी दुसरा बिनचूक शब्द घालायचा, तर इंग्रजी यावं लागतं. ते मला कुठं येतंय?"

प्राचार्यांनी आपलं हस्तलिखित उघडलं. तिथेही तोच शब्द होता. ते मोठ्याने हसले.

आभाराच्या पानात त्यांनी एक नाव वाढवलं. ते पान यमाजीनेच जुळवलं. नाव कोणाचं, ते मालकांनी त्याला नंतर सांगितलं.