टिटवीची अंडी आणि आईचे हात

शेवंतवाडीची घरं संपतात आणि कोरड्या नदीचे गोटे सुरू होतात, तिथे एक पिटुकलं कौलारू घर होतं. त्या घरात रेवू आपल्या आईबरोबर राहायची. घरात एक पितळी घंगाळ होतं आणि तेलाची एक वाटी होती. दोन्ही कित्येक दिवस रिकामी होती.

रेवूच्या आईचं नाव सगुणा. गावात कुणाकडे बाळ जन्मलं की पहिला निरोप तिलाच जायचा. ती पाय पसरून बसायची, बाळाला पायांवर निजवायची, कोमट तेलानं त्याचे इवले इवले हातपाय चोळायची आणि मग कढत नाही, गार नाही असं पाणी त्याच्यावर सोडायची. गावातल्या निम्म्या पोरांची पहिली आंघोळ तिच्या हातची होती.

मग एका हिवाळ्यात त्या हातांवर पांढरे ठिपके उठले. आधी बोटांच्या टोकांवर, तांदळाच्या कणीएवढे, मग वाढत वाढत मनगटापर्यंत. ते दुखत नव्हते, खाजत नव्हते. दवाखान्यातल्या बाईंनी तपासून सांगितलं, "हे कोड आहे. हे कुणाला लागत नाही." गावानं ते ऐकलं, मान हलवली आणि निरोप पाठवणं बंद केलं.

कुणी वाईट बोललं नाही. बोललं असतं तर आईला उत्तर तरी देता आलं असतं. बायका विहिरीवर नुसत्या जरा बाजूला सरकायच्या. हळदीकुंकवाचं बोलावणं सगळीकडे जायचं आणि नेमकं या घराशी येऊन राहून जायचं. रेवूची मैत्रीण बकुळा एवढंच म्हणाली, "आई नको म्हणते," आणि पळाली. पळताना तिनं एकदा मागे वळून पाहिलं, तेच रेवूला जास्त लागलं.

आता रेवू एकटीच नदीत खेळायची. ती गोट्यांची घरं मांडायची, घरांत गोट्यांची माणसं ठेवायची आणि सगळ्या घरांची दारं उघडी ठेवायची. पलीकडे उघड्या गोट्यांतच एका टिटवीनं चार अंडी घातली होती. मातकट रंगाची, काळ्या काळ्या ठिपक्यांची. गोट्यांत ती अशी मिसळून गेली होती की शोधूनही सापडू नयेत. रेवूला मात्र जागा ठाऊक होती. टिटवी घाबरू नये म्हणून ती रोज लांबून वळसा घालून जायची आणि शेळ्या तिकडे वळल्या की त्यांना हळूच हाकलायची.

एका सकाळी काठावरचा बहावा पिवळ्याधमक झुंबरांनी लगडला होता. त्यातलं एक झुंबर वारा नसताना हललं आणि त्यातून एक बोटभर उंचीची परी खाली उतरली. तिचा झगा बहाव्याच्या पाकळ्यांचा होता. पंखांवर सोनेरी ठिपके होते, आणि एकेक ठिपका इवल्याशा दिव्यासारखा लुकलुकत होता.

"रेवू," परी म्हणाली, "रोज वळसा घालतेस, ते मी बघते. दोन गोष्टी माग."

रेवूला विचार करावा लागला नाही. "सगळ्यांनी माझ्या आईला पुन्हा बोलवावं."

परीनं मान हलवली. "मनं फिरवायची जादू माझ्याकडे नाही, बाळ. आणखी एक नियम ऐकून ठेव. तू जे मागशील ते एकट्यादुकट्याला मिळत नाही. शेवंतवाडीत जे जे कुणी आहे, किडामुंगीसकट, त्या सगळ्यांना ते मिळतं."

"मग आईच्या हातांवरचे ठिपके जाऊ देत!"

"नीट विचार केलास?"

"केला. रोजच करते."

परीनं पंख मिटले, उघडले, आणि सोनेरी धूळ गावभर उडाली.

रेवू धावत घरी गेली. आई अंगणात उभी राहून आपले हात उन्हात उलटेपालटे करून बघत होती. हात गव्हाळ झाले होते, एकसारखे, नखांपर्यंत. तेवढ्यात वाटेनं जाणाऱ्या भागाकाकू थबकल्या. त्यांच्या घरी नातू होऊन चार दिवस झाले होते आणि निरोप काही आला नव्हता.

"अगं बया! सगुणा, हात बरे झाले की गं तुझे! मग अशी उभी काय? चल, आमचं लेकरू तुझीच वाट बघतंय."

आईनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग घंगाळ उचललं आणि त्यांच्यामागे निघाली.

रेवूला नाचावंसं वाटलं. ती परीला सांगायला नदीकडे पळाली. पण वाटेत ती थांबली. एक पांढरंफटक फुलपाखरू तिच्यासमोरून गेलं, कागदाच्या कपट्यासारखं. कुंपणावर लाल किडा चालला होता, त्याचे काळे टिकले गेले होते. गोठ्यातलं ठिपक्याठिपक्यांचं वासरू एकाच रंगाचं होऊन उभं होतं. इतक्यात नदीतून टिटवीचा आकांत ऐकू आला.

गोट्यांमध्ये चार पांढरीशुभ्र अंडी चमकत होती. कुठूनही दिसावीत अशी. बहाव्यावर एक कावळा बसला होता, दुसरा येत होता, तिसरा काव काव करून आणखी कुणाला बोलवत होता. टिटवी त्यांच्या अंगावर झेपावून झेपावून दमली होती.

रेवूनं खडे मारले, हात हलवले, ओरडली. कावळे उडायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. झाडाखाली परी बसली होती, विझलेली. तिचे पंख कोरे झाले होते.

"तुझे दिवे?"

"किडामुंगीसकट म्हटलं होतं ना," परी मंद हसली. "त्यात मीही आले."

रेवूनं आपली ओढणी अंड्यांवर अंथरली, तिच्या कडांवर गोटे ठेवले, परीला पळसाच्या पानात उचललं आणि ती भागाकाकूंच्या अंगणात पोचली. आई पाय पसरून बसली होती. बाळ तिच्या पायांवर पालथं, तेलानं चकचकत होतं. भोवती चारचौघी बायका होत्या. बाळाची आई मथुरा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. भागाकाकू आरशात बघत कुरकुरत होत्या, "हनुवटीवरचा तीळ कुठं गेला गं माझा? त्या तिळावरच तर मला पसंत केलं होतं!"

रेवूनं आईच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. आईचे हात बाळाच्या पाठीवर थांबले.

"आई, आंघोळ होऊ दे. मग मागते."

"तोवर कावळे थांबतील?" आईनं विचारलं.

रेवूनं हातातल्या पानाकडे पाहिलं.

आईनं आपले गव्हाळ हात एकदा पाहिले. मग ती पुन्हा बाळाची पाठ चोळू लागली. "माग," ती म्हणाली.

रेवूनं डोळे मिटले आणि पानात कुजबुजली, "ज्याचे ठिपके त्याला परत मिळू देत."

पान उजळलं. तुळशीवरचं फुलपाखरू रंगलं. भागाकाकूंच्या हनुवटीवर तीळ आला. आणि आईच्या बोटांवर, एकेक करून, ठिपके परतले. तिचे हात थांबले नाहीत. बायका मात्र मागे सरकल्या.

"अगं, थांब! लेकराला खाली ठेव," भागाकाकू म्हणाल्या.

रेवूला वाटलं, आता आई उठेल, घंगाळ उचलेल, आणि घरी गेल्यावर दोघी पुन्हा कुणाशीच बोलणार नाहीत.

मथुरा बाळाकडे बघत होती. बाळ त्या हातांखाली डोळे मिटून गुंगलं होतं.

"चालू दे, मावशी," ती म्हणाली. "पाणी निवतंय." आणि तिनं तांब्या पुढे केला.

"अगं मथुरा..."

"मघाशी याच हातांनी तेल लावलं ना, आत्या? मग पाण्यानं काय होणार आहे?"

भागाकाकूंचं बोट हनुवटीवरच्या तिळावर गेलं आणि तिथेच राहिलं. दोन बायका पदर सावरून निघून गेल्या. बाकीच्या थांबल्या.

रेवू पान सांभाळत नदीवर आली. ओढणीखाली अंडी पुन्हा मातकट झाली होती. तिनं ओढणी काढली तेव्हा ती कुठे आहेत ते क्षणभर तिलाही कळलं नाही. टिटवी येऊन पिसं फुलवून बसली. कावळ्यांनी कंटाळून गावाची वाट धरली.

"सगळी दारं उघडली नाहीत," रेवू म्हणाली.

"नाही," परी म्हणाली. "पण जे उघडलं ते माझ्या जादूनं नाही. म्हणून ते बंद करायलाही मला येणार नाही. तू टिटवीसाठी हातातलं परत दिलंस, रेवू. आता माझ्याकडे देण्यासारखं एवढंच उरलंय." तिनं रेवूच्या कपाळाला ओठ टेकले. पंखांवरचे दिवे एकेक करून लागले, मोठे झाले, बहाव्याचा सगळा पिवळा रंग त्यांत मिसळला, आणि त्या लखलखीत उजेडात परी कुठे संपली नि ऊन कुठे सुरू झालं ते दिसलंच नाही.

रेवू परतली तेव्हा बाळ झोळीत निजलं होतं. आई ओसरीवर बायकांच्या ओळीत बसली होती आणि तिच्या हातात चहाचा कप होता. सगळ्यांचा होता तसाच, निळ्या काठाचा. भागाकाकू किटली घेऊन उभ्या होत्या. त्या आईकडे बघत नव्हत्या, कपाकडे बघत होत्या.

"साखर कमी झाली का गं?" त्यांनी विचारलं.

"जराशी," आई म्हणाली.

"आणते," भागाकाकू म्हणाल्या, आणि दारातल्या रेवूवर खेकसल्या, "तू काय उंबऱ्यात उभी? आत ये की!"