पंख्याने तोंड उघडले

घरात एकच संगणक असे आणि त्याच्यापुढे सगळ्यांची पाळी लागे, तेव्हाची ही गोष्ट. हेमलताताई केळुसकरांच्या संगणकाच्या पेटीत एक म्हातारा पंखा राहत होता. सगळ्यांना गार ठेवणे हे त्याचे काम. पण धुळीने त्याची पाती जड झाली होती. कुणाला कळू नये म्हणून तो आवाज न करता हळूहळू फिरे.

संगणकाचा वेग वाढावा म्हणून ताईंनी जुन्या पट्टीशेजारी मेमरीची नवी पट्टी बसवली. नेमका त्याच दिवसापासून संगणक तापून मध्येच बंद पडू लागला.

"ही आली आणि घर बिघडलं!" जुनी पट्टी फणकारली.

"मी काय केलं हो?" नवी रडकुंडीला आली.

पंखा गप्पच राहिला. खरे बोललो तर आपली रवानगी भंगारात, ही त्याला धास्ती.

तिसऱ्या दिवशी ताईंनी झाकण काढून संगणक सुरू केला. "ही पट्टीच खराब दिसते. परत देऊन टाकते."

आता मात्र पंख्याला राहवेना. लाजलज्जा सोडून तो जिवाच्या आकांताने फिरला. खर्र, खर्र, खर्र!

"अगं बाई, हा तर धुळीने गुदमरलाय!" ताईंनी संगणक बंद केला, ब्रशने पाती झाडली, तेलाचा थेंब सोडला. मग संगणक दोन तास न अडता चालला.

"आजोबा, आधी का नाही बोललात?" नव्या पट्टीने विचारले.

"भ्यालो गं पोरी. चुकलंच माझं."

तेव्हा जुनी पट्टी हळूच म्हणाली, "खरं सांगू? माझंही एक टोक ढिलं बसलंय."

"मग आत्ताच सांग," पंखा म्हणाला. "झाकण अजून उघडंच आहे."